गिरसप्पा नावाची बोट, तिच्यातली चांदी आणि तिच्यावरची माणसं

मागच्या महिन्यात ताईसोबत सराफ बाजारात गेलो होतो. भाचा पहिल्यांदाच बोटीवर निघणार, डेक कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून, त्यामुळे ताईला देवघरातला कुलदेवीचा चांदीचा टाक नवीन करून घ्यायचा होता. दुकानात मागच्या बाजूला मोठा काटा असतो ना, त्याच्यावर दोन पोरांनी एक चांदीची वीट आणून ठेवली, तीस किलोच्या आसपासची. चकचकीत वगैरे अजिबात नव्हती, राखाडी, वरून खडबडीत, एका कोपऱ्यावर नंबर ठोकलेला. भाच्यानं एका हातानं ढकलून बघितली तर जागची हलली नाही.

तिथंच उभ्या उभ्या त्यानं विचारलं, मामा, तांबड्या समुद्रात बोटींवर मिसाईल पडत होती ना, समजा तशी लागली बोटीला तर पुढं नेमकं काय होतं, म्हणजे बोट किती वेळ तरंगते, आपण कुठं जातो, पगाराचं काय, घरी कोण कळवतं? ताईनं हातातला टाक काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागली.

मला त्या विटेमुळे एक बोट आठवली आणि मी त्या दोघांना तिचीच गोष्ट सांगितली, कारण भाच्याच्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर त्या एकाच बोटीत सापडतं. आपल्या नाशिकला समुद्र नाही, पाणी म्हणजे गोदावरी आणि पूर म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं एवढंच आपल्याला कळतं, पण आता इथल्या घराघरातून पोरं मर्चंट नेव्हीत चाललीत आणि आईबापांना ह्यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून जे तिथं बोललो ते जरा नीट लिहितोय.

बोटीचं नाव एस एस गेरसोप्पा. शाळेच्या भूगोलात आपण गिरसप्पाचा धबधबा वाचलाय ना, शरावती नदीवरचा, ज्याला आता जोग म्हणतात, त्याचंच हे नाव. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन नावाची मोठी कंपनी होती, ती आपल्या बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची वगैरे नावं द्यायची, नेवासा नावाची बोट होती त्यांची, कारंजा होती. गेरसोप्पा १९१९ ची, इंग्लंडात जॅरोच्या कारखान्यात बांधलेली, ५,२३७ टनी मालवाहू बोट. कोळशावर चालणारी, दिसायला साधी, आज आपण जिला जुना टेम्पो म्हणू तसली. वीस वर्षं तिनं माल वाहिला आणि दुसरं महायुद्ध लागल्यावरही तेच करत राहिली.

एक गोष्ट आधी क्लिअर करतो. मर्चंट नेव्ही ही नेव्ही नाही. नावात नेव्ही असलं तरी ती माणसं सैनिक नसतात, नोकरदार असतात, करारावर कामाला असतात. युद्धाच्या काळात अशा बोटींवर मागच्या बाजूला एखादी तोफ आणि ती चालवणारे एकदोन सैनिक बसवायचे, पण बाकी सगळे खलाशी, आगवाले, भंडारी. आणि ब्रिटन म्हणजे बेट, खाणं, लोखंड, तेल, चहा सगळं समुद्रावरून यायचं, त्यामुळे जर्मनीचं गणित सरळ होतं की लढाऊ जहाजांपेक्षा ह्या मालाच्या बोटी बुडवा, ब्रिटन आपोआप गुडघ्यावर येईल. म्हणून त्या युद्धात सगळ्यात आधी मार खाल्ला तो ह्या बिनवर्दीच्या लोकांनी. ब्रिटिश नोंदणीच्या बोटींवरचे तीस हजारांहून जास्त लोक गेले.

डिसेंबर १९४० मध्ये गेरसोप्पा कलकत्त्यात भरली. सात हजार टनांच्या आसपास माल, चहा, पिग आयर्न म्हणजे लोखंडाच्या ओतीव लाद्या, आणि चांदीच्या विटा. त्या दिवसांतली चांदीची परिस्थिती बघा, ह्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनं रुपयाच्या नाण्यातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली, आणि ऑगस्टमध्ये एक रुपयाची कागदी नोट परत काढली, आणि ती नोट छापली आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. म्हणजे इकडं प्रेसमध्ये कागदाचा रुपया छापला जात होता आणि तिकडं कलकत्त्याच्या गोदीत चांदी बोटीत चढत होती. ताईला हे ऐकून नवल वाटलं, तिचे सासरे प्रेसमध्येच होते.

आता रस्ता. भूमध्य समुद्राचा जवळचा मार्ग इटली युद्धात उतरल्यापासून धोक्याचा झालेला, त्यामुळे कलकत्त्याहून ब्रिटनला जायचं म्हणजे अख्खा आफ्रिका खंड वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. गंमत नाही ही, आज भाच्याची कंपनी पण तांबडा समुद्र टाळून बोटी ह्याच केपवरून नेतेय, तेवढेच जास्तीचे दिवस, तेवढंच जास्तीचं इंधन. ऐंशी वर्षांपूर्वीचा नकाशा परत बाहेर आलाय.

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनचं फ्रीटाऊन बंदर आहे, तिथं सगळ्या बोटी जमायच्या आणि तिथून पुढं ताफ्यानं जायच्या. ह्याला कॉन्व्हॉय म्हणतात. गेरसोप्पा ज्या ताफ्यात होती त्याचं नाव एसएल ६४, तो ३० जानेवारी १९४१ ला निघाला.

कॉन्व्हॉय समजायला सोपी गोष्ट म्हणजे आपली दिंडी. त्र्यंबकहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा तरणा पोरगा आणि सत्तरीची आजी एकाच दिंडीत चालतात, मग वेग कुणाचा धरायचा, तर आजीचा. कॉन्व्हॉयचं तसंच, सगळ्यात हळू बोटीच्या वेगानं सगळ्यांनी चालायचं, साधारण आठ नॉट म्हणजे ताशी पंधराएक किलोमीटर, सायकलचा वेग. फायदा असा की चाळीस बोटी सुट्या सुट्या गेल्या तर समुद्रभर चाळीस ठिकाणी पाणबुडीला सापडतात, एकत्र गेल्या तर एकाच ठिकाणी, आणि समुद्र एवढा मोठा आहे की ते एक ठिकाण चुकण्याची शक्यता बरीच असते. पण दिंडीत आणि कॉन्व्हॉयमध्ये एक मोठा फरक आहे. दिंडीत कुणाचा पाय मुरगळला तर चार जण थांबतात. कॉन्व्हॉयमध्ये कुणी थांबायचं नाही असा नियमच, कारण थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला आयतं सावज आणि एकासाठी सगळा ताफा थांबला तर सगळेच सावज. जो मागं राहिला तो एकटा. अशा बोटीला स्ट्रॅगलर म्हणायचे आणि एकट्या पडलेल्या बोटीचे दिवस बहुतेक वेळा भरलेले असायचे.

गेरसोप्पा एकटी पडली ती कोळशामुळे. हे जरा नीट समजून घ्या. कोळशाचं इंजिन तासाला जेवढा कोळसा खायचा तेवढा खातंच, बोट पुढं सरको न सरको. समोरून वादळ आलं, मोठ्या लाटा आल्या की बोट आठच्या ऐवजी पाच नॉटनं सरकते, म्हणजे कोळसा तेवढाच जळला आणि अंतर निम्म्याच्या जवळ आलं. बरं जोर लावून वेग वाढवावा म्हटलं तर ते आणखी महाग, कारण पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद दुप्पट नाही तर साधारण आठपट लागते. कसाऱ्याचा घाट समोरच्या वाऱ्यात दुचाकीवर चढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १४ फेब्रुवारीला हिशोब झाला की ह्या कोळशात ब्रिटनपर्यंत पोचत नाही, तेव्हा कॅप्टननं ताफा सोडला आणि आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडं बोट वळवली. चुकीचा निर्णय म्हणता येत नाही मला तरी. ताफ्यासोबत राहून कोळसा संपला असता तर भर वादळात इंजिन बंद, तेही मरणच. दोन वाईटातलं एक निवडायचं होतं आणि ते त्यांनी निवडलं.

१६ तारखेला सकाळी एक जर्मन विमान आलं, लांब पल्ल्याचं, बोटीभोवती घिरट्या घातल्या आणि निघून गेलं. बॉम्ब टाकला नाही. पण समुद्रावर शत्रूचं विमान नुसतं बघून गेलं ह्याचा अर्थ बोटीवरच्या जुन्या माणसांना काय कळला नसेल का. दिवसभर ती पाच नॉटनं चालत राहिली असणार आणि सगळे आजूबाजूच्या पाण्याकडं बघत असणार, मला त्या बारा-चौदा तासांचा विचार जास्त छळतो, टॉर्पेडोपेक्षा.

रात्री यू-१०१ ह्या जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, कमांडरचं नाव अर्न्स्ट मेंगरसेन. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून जाणारा बॉम्ब, त्याला स्वतःचं इंजिन असतं. तोफगोळा बोटीला वर भोक पाडतो आणि टॉर्पेडो पाण्याच्या पातळीखाली, आणि खालच्या भोकातून समुद्रच आत येतो, सगळा फरक एवढाच आहे आणि तो भयंकर आहे. गेरसोप्पाला उजव्या बाजूला, दोन नंबरच्या खणात, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात बसला. पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्यासोबत वायरलेसची तार पण तुटली, म्हणजे मदतीचा संदेश गेलाच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं जे झालं ते ह्या एका तारेमुळे झालं.

बोट वीस मिनिटांत गेली. भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता, बोट किती वेळ तरंगते. त्याचं उत्तर बऱ्याचदा मालावर असतं. लासलगावचा कांद्याचा ट्रक बघा, वरपर्यंत ठासून भरलेला, आणि तेवढ्याच वजनाचा सळयांचा ट्रक बघा, तळाला दोन फूट सळया आणि वर सगळं मोकळं. बोटीचं तसंच आहे, लाकूड भरलेल्या बोटीत पाणी शिरायला जागाच उरत नाही आणि लाकूड स्वतः पण तरंगतं, त्यामुळे अशी बोट मार खाऊनही तास न् तास, कधी दिवसभर राहते. लोखंड भरलेल्या बोटीच्या खणात मात्र वर मोकळी हवा असते, भोक पडलं की ती सगळी जागा पाण्यानं भरते आणि खाली आधीच हजारो टन वजन. लोखंड आणि खनिज वाहणाऱ्या बोटी त्या युद्धात मिनिटांत जायच्या, खालच्या इंजिनखोलीतल्या माणसाला शिडी चढून वर येईपर्यंत खेळ संपलेला असायचा.

आता ही माणसं कोण होती ते सांगतो, कारण इंग्रजीत ही गोष्ट नेहमी चांदीवरून सुरू होते आणि चांदीवर संपते. बोटीवर ऐंशीहून जास्त माणसं होती. अधिकारी गोरे, बाकी बहुतेक सगळे हिंदुस्थानी खलाशी, ज्यांना इंग्रज लस्कर म्हणायचे. त्यांची सगळी रचना आपल्याच भाषांतल्या शब्दांची, डेकवर सारंग मुख्य, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा तो सुखाणी, सामानाचा कसाब, जेवण करणारा भंडारी, खाली भट्टीवर आगवाले आणि कोळसेवाले, म्हणजे इंग्रजीत फायरमन आणि ट्रिमर, झाडलोट करणारा टोपास. मुंबईहून भरती व्हायची तेव्हा रत्नागिरीकडचे, गोव्याचे, कच्छचे लोक असायचे, आणि कलकत्त्याहून व्हायची तेव्हा सिल्हेट, नोआखाली, चितगावचे. गेरसोप्पा कलकत्त्याची, म्हणजे हे पूर्व बंगालचे शेतकरी लोक, नदीकाठचे. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव भागाच्या आसपास. १९३९ मध्ये युद्ध लागल्या लागल्या हिंदुस्थानी खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केले होते, मरायची वेळ सारखीच तर पगार का सारखा नाही म्हणून, कितीतरी जण त्यासाठी तुरुंगात गेले आणि मग थोडीफार वाढ मिळाली.

त्या रात्री एकच होडी धड निघाली. सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स नावाचा माणूस तिचा प्रमुख, आत तीसेक जण, बहुतेक आपले खलाशी. फेब्रुवारीतला उत्तर अटलांटिक, उघडी होडी, सगळे भिजलेले. कुणालाच माहीत नाही की ते तिथं आहेत, कारण संदेश गेलेला नाही, आणि ताफ्यातल्या बोटी तर दोन दिवस आधीच पुढं गेलेल्या. आयर्सनं शीड लावलं आणि पूर्वेकडं होडी धरली, जमीन तिकडंच होती, शेकडो मैलांवर.

अशा होडीत माणूस कशानं मरतो? आपल्याला वाटतं भुकेनं. भुकेचा नंबर फार नंतर येतो. पहिला नंबर थंडीचा, ओले कपडे आणि वारा मिळून अंगातली उष्णता काढून घेतात आणि माणूस आधी थरथरतो, मग थरथरणं थांबतं, मग त्याला झोप येते. पाय सतत पाण्यात राहून सुजतात, बधिर होतात, सडतात. दुसरा नंबर तहानेचा. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही हे नुसतं बोलायला नसतं, त्यामागं शरीराचा हिशोब आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं आणि आपली किडनी लघवीतून जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेर टाकू शकते, म्हणजे एक पेला समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ काढायला शरीराला दीड-पावणेदोन पेले पाणी लागतं. वरचं पाणी कुठून आणणार, ते शरीर स्वतःच्याच पेशींतून काढतं. म्हणून समुद्राचं पाणी पिणारा जास्त लवकर जातो, आणि जायच्या आधी भ्रमिष्ट होतो.

थंडी किती मोठी गोष्ट आहे बघा. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये बेन लोमंड नावाची बोट बुडाली, तिच्यावरचा पून लिम हा चिनी कामगार एका लाकडी तराफ्यावर एकटा १३३ दिवस जगला, मासे पकडून, पावसाचं पाणी साठवून, ब्राझीलजवळ कोळ्यांनी त्याला उचललं. तो उष्ण कटिबंधात होता. गेरसोप्पाची होडी उत्तरेला होती, तिथं तेरा दिवसांत होडीतले बहुतेक सगळे गेले, एकेक करून, आणि उरलेल्यांनी त्यांना पाण्यात सोडलं. आपले खलाशी उष्ण हवेतले, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, ते आधी गेले.

१ मार्च १९४१, तेरावा दिवस, त्यांना जमीन दिसली. इंग्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्नवॉलमध्ये लिझर्ड म्हणून जागा आहे, तिथला किनारा. मूठभर माणसं जिवंत होती तेव्हा. पण तो किनारा आपल्या गणपतीपुळ्यासारखा वाळूचा नाही, कडे आणि खडक, आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा. होडी फुटणाऱ्या लाटेत उलटली. तेरा दिवस जगलेली माणसं किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडाली. काठावरच्या लोकांनी धावपळ करून एकाला ओढून बाहेर काढलं, तो आयर्स. अख्ख्या बोटीतला एकटा तोच वाचला. त्याला पुढं एमबीई हा ब्रिटिश किताब आणि लॉइड्स ह्या विमा संस्थेचं शौर्यपदक मिळालं, माणसं जिवंत ठेवण्यासाठी त्यानं होडीत जे केलं त्यासाठी, आणि तो परत समुद्रावर कामाला पण गेला. लाटांनी काठावर आणलेल्यांना तिथल्याच लँडेवेडनॅक गावच्या चर्चच्या आवारात पुरलं, त्यात आपले खलाशी पण आहेत.

इथपर्यंत ऐकून ताई म्हणाली, बास कर आता. पण भाच्याचा पगाराचा प्रश्न राहिला होता.

जुना समुद्री कायदा असा होता की बोट आहे तोपर्यंत नोकरी आहे. बोट बुडाली की त्या दिवशी करार संपला. हे इतकं उघड अन्यायाचं होतं की १९२० मध्ये इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं ठराव केला, बोट बुडाल्यानं बेकार झालेल्या खलाशाला भरपाई द्या, आणि ती दोन महिन्यांच्या पगारापर्यंत मर्यादित ठेवली तरी चालेल. ब्रिटननं १९२५ मध्ये तसा कायदा केला. पुढं मे १९४१ मध्ये, म्हणजे गेरसोप्पा बुडाल्यावर तीन महिन्यांनी, ब्रिटिश खलाशांसाठी कायम नोकरीचा राखीव साठा तयार झाला, एका बोटीवरून उतरलं तरी पगार चालू. आणि आजचा जो मोठा करार आहे, २००६ चा मेरीटाईम लेबर कन्व्हेन्शन, त्यात पण बोट बुडाल्यावरच्या बेकारी भरपाईला दोन महिन्यांची मर्यादा घालायची मुभा आहेच, शंभर वर्षांपूर्वीचीच. मृत्यू, इजा ह्यांची भरपाई वेगळी असते, घरी पाठवायचा खर्च मालकाचा असतो आणि चाच्यांनी पकडून ठेवलं तर तेवढे दिवस पगार चालू ठेवायचा हा नियमही नंतर आलाय, तेव्हा पोरांनो करार नीट वाचत जा, सही करायच्या आधी, नंतर नाही.

आता चांदीकडं येतो. समुद्रात बुडालेली वस्तू कुणाची? ज्याला सापडली त्याची, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. तुमची गाडी चोरीला गेली, इन्शुरन्स कंपनीनं पूर्ण पैसे दिले आणि दोन वर्षांनी गाडी सापडली, तर ती गाडी कंपनीची, तुमची नाही. इथं तेच. युद्धात नेहमीच्या विमा कंपन्या जोखीम घेत नाहीत म्हणून ब्रिटिश सरकारनं स्वतः युद्धविमा काढला होता, चांदीच्या मालकांना पैसे दिले, आणि तळाशी पडलेली चांदी सरकारची झाली. २०१० मध्ये सरकारनं ओडिसी नावाच्या अमेरिकन कंपनीशी करार केला, खर्च तुमचा, धोका तुमचा, चांदी निघाली तर खर्च वजा जाता ऐंशी टक्के तुम्हाला.

२०११ मध्ये बोट सापडली. खोली ४,७०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तर त्याच्या जरा कमी. तिथं प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पावणेपाचशे किलोच्या आसपास दाब, माणूस जाऊच शकत नाही, सगळं काम केबलला बांधलेल्या यंत्रांनी. २०१२ आणि २०१३ अशा दोन हंगामात मिळून २,७९२ विटा वर आल्या, एकेक ३५ किलोच्या आसपासची, सगळी मिळून शंभरेक टन चांदी. ह्यातल्या थोड्या चांदीची ब्रिटनच्या टाकसाळीनं छोटी नाणी पाडली आणि नाण्याच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं.

आणि चांदीसोबत पत्रं निघाली. हे मला चांदीपेक्षा मोठं वाटतं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांचं घरी जाणारं टपाल होतं बोटीत, १९४० च्या शेवटी लिहिलेली, गोऱ्या सैनिकांची वगैरे, सातशेच्या आसपास पत्रं, आणि सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी राहून वाचता येत होती. कागद पाण्यात टिकला कसा? कागद पाण्यानं कमी आणि पाण्यातल्या जिवांमुळे, ऑक्सिजनमुळे जास्त नासतो. ही पत्रं खणात बाकीच्या मालाखाली आणि गाळाखाली दाबली गेली, तिथं काळोख, फ्रिजसारखी थंडी आणि ऑक्सिजन जवळपास नाही, मग खाणारं कोण. लंडनच्या पोस्टल म्युझियमनं २०१८ मध्ये ती लोकांना दाखवली. त्यात आपल्या खलाशांची पत्रं नाहीत हे उघडच आहे, ते बोट चालवत होते आणि त्यांची घरं उलट्या दिशेला होती.

भाच्याचा शेवटचा प्रश्न, घरी कोण कळवतं.

तेव्हाची नोंद अशी झाली की गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. हिंदुस्थानी खलाशांची नावं दगडावर नाहीत, ती एका वहीत आहेत, त्या वहीच्या प्रती दोन ठिकाणी, एक चितगावला आणि एक आपल्या मुंबईत, मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, म्हणजे सीमेन्स होममध्ये. त्यात हिंदुस्थानी मर्चंट नेव्हीच्या सुमारे सहा हजार जणांची नावं आहेत, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. पंचवटी एक्सप्रेसनं आपण कितीदा मुंबईला जातो, मस्जिद स्टेशन तर सीएसटीच्या शेजारी, आणि मी पन्नाशी उलटेपर्यंत तिकडं फिरकलो नव्हतो.

आता फरक पडलाय, हे ताईला मी ठासून सांगितलं आणि इथं पण सांगतो. बोट बुडाली की ईपर्ब नावाचं यंत्र आपोआप सुटून वर तरंगतं आणि सॅटेलाइटला जागा कळवतं, कुणाला बटण पण दाबावं लागत नाही, गेरसोप्पाची ती तुटलेली तार म्हणजे आज हे यंत्र. होड्या बंदिस्त झाल्यात, थंड पाण्यासाठी अंगभर रबरी सूट असतो. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स ह्या मालवाहू बोटीवर मिसाईल पडलं, तिघे गेले, पण २१ जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकातानं त्याच दिवशी बाहेर काढलं, त्यात एक भारतीय होता. तीन म्हणजे पण तीन घरं आहेतच. पण तेरा दिवस कुणाला पत्ताच नाही असं झालं नाही.

रात्री जेवण झाल्यावर भाच्यानं मोबाईलवर युद्धस्मारकांच्या आयोगाची यादी उघडली, तिच्यात बोटीच्या नावानं शोधता येतं. नावं यायला लागली. एकेका नावापुढं हुद्दा, तारीख, आणि कित्येकांच्या पुढं बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव. तो मोठ्यानं वाचत होता, फायरमन, फायरमन, ट्रिमर, सेलर, आणि ताई पोळ्यांचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मधेच म्हणाली, ह्यांच्या बायकांना पत्र आलं असेल तर वाचून कुणी दाखवलं असेल रे? आम्ही दोघंही काही बोललो नाही.

भाच्याच्या कंपनीचा फॉर्म तसाच टेबलावर पडला होता, जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात त्यानं नुसता स्वतःचाच दुसरा नंबर टाकून ठेवला होता. ताईनं डबा खाली ठेवला, पेन घेतलं, तो नंबर खोडून तिचा लिहायला लावला, खाली माझा, आणि मग आठवून शेजारच्या काकूंच्या लँडलाईनचा पण, मोबाईल कधी लागत नाही म्हणून.